डाव्या बाजूचा माणूस

४ जानेवारी

शिपाईराव,

पाकिटावर तुझं नाव घालायचं नाही, फक्त नंबर घालायचा, अशी सूचना तुमच्या तळावरून आलेल्या छापील कागदावर आहे. सख्ख्या नवऱ्याला नंबराने हाक मारायची पाळी माझ्यावर येईल असं वाटलं नव्हतं. तेव्हा आत तरी आपलं नेहमीचं नाव वापरते.

तू गेलास त्या सकाळी मी झोपले नव्हते, नुसते डोळे मिटून पडले होते. तू बूट हातात घेऊन दारापर्यंत गेलास, तिथे जरा थांबलास, आणि मला वाटलं आता हा काहीतरी बोलेल. मग कडी लागल्याचा आवाज आला. आदल्या दिवशी मी जे बोलले होते त्यानंतर तुझ्या जागी मीही बोलले नसते म्हणा.

'तू पास होणार नाहीस, चिमणीसमोर तोंडघशी पडशील,' असं मी म्हणाले. ते खोटं होतं. तू पास होशील हे मला पक्कं माहीत आहे आणि मला त्याचीच भीती वाटते. आता लिहून टाकलं. समोर असतास तर जमलं नसतं.

गेलं वर्षभर आपल्या टेबलावर जेवण कमी आणि तुझे रस्ते जास्त मांडलेले असायचे. पहिला रस्ता म्हणजे जुन्या पलटणीत परत भरती व्हायचं आणि तिथून विशेष दलासाठी अर्ज करायचा. तो वयाने बंद केला. दुसरा राखीव दलाचा, सुट्टीच्या दिवशी कवायत करायची आणि कधी कुणी वर बोलावलं तर जायचं. तो तुला म्हाताऱ्यांचा उद्योग वाटला. मग कुठूनतरी हा तिसरा उकरून काढलास. मुदत संपवून घरी बसलेल्या माजी सैनिकांसाठी थेट निवड, आयुष्यात एकदाच. कसोटीला उतरलास तर दलात, नाहीतर परत दार वाजवायचं नाही. त्या दिवशी तू जिन्यावरून शीळ घालत वर आलास. तू शीळ घालतोस हे मला लग्नाला इतकी वर्षं होऊन माहीत नव्हतं. तेव्हाच माझं धाबं दणाणलं होतं.

तुझा जिना अजून गाजतोय, बरं का. लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस पाठीवर वाळूची पिशवी घेऊन रोज जिन्याने चढतो म्हटल्यावर आपल्या इमारतीतल्या निम्म्या लोकांनी लिफ्ट वापरणं सोडलं होतं. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी काल मला बाजूला घेऊन विचारलं, 'आता तरी खरं सांग, दोरात काही बिघाड आहे का?' मी म्हटलं, दोर ठणठणीत आहे, माणसात बिघाड आहे.

चिमणी बरी आहे. शाळेत सांगून आली की बाबा परीक्षेला गेलेत आणि त्यांना गृहपाठ म्हणून डोंगर दिलाय.

पायांना जप. फोन काढून घेतलेत तर निदान पत्र तरी लिही. चार ओळी लिहिल्याने तुझं शौर्य कमी होणार नाही.

तुझीच (रागावलेली, पण तुझीच)

*

१९ जानेवारी

शिपाईराव,

तुझं पत्र मिळालं. मोजून चार ओळी. मी म्हणाले म्हणून खरोखर चारच लिहायच्या होत्या का? पायाला फोड आले आणि फुटलेही, जेवण भरपूर पण खायला वेळ नाही, निम्मे लोक घरी गेले, आणि तुझ्या जोडीदाराचं नाव लंबू. तुमच्यात सगळ्या जोड्याच असतात, जोडी ठरली की शेवटपर्यंत बदलत नाही, हेही कळलं. म्हणजे तुझं दुसरं लग्न लागलं तर. या खेपेला तरी नीट निभाव.

कामावर परवा एक प्रकार घडला. सांगते.

एक क्रेन चालवणारा आला होता. पन्नाशीचा, गोड बोलणारा. त्याचा परवाना आमच्या कानाच्या चाचणीवर अडकलेला. आवाजबंद केबिनमध्ये बसवलं, कानांवर हेडफोन चढवले, हातात बटण दिलं. बाहेर मशीनवर मी. मी एकेक सूर सोडायचा आणि ऐकू आला की त्याने बटण दाबायचं. दोन्ही कान उत्तम निघाले. बारीकातला बारीक सूरही त्याने सोडला नाही. मी ग्राफ काढला आणि तो पाठमोरा उभा राहून शर्टाची बाही नीट करत होता तेव्हा म्हटलं, 'काका, पिशवी राहिली तुमची.' ढिम्म हलला नाही. पुन्हा म्हटलं, जरा मोठ्याने. तरी नाही.

मी त्याला समोर बसवलं आणि विचारलं, ही काय भानगड आहे. आधी आढेवेढे घेतले, मग हसायलाच लागला. म्हणाला, 'बाई, रागावू नका. तुम्ही आवाज सोडला की तुमच्या भुवया वर जातात. ऐकलं का, ऐकलं का, असं विचारल्यासारख्या. मी काचेतून तेवढ्याच बघत होतो.'

नियमाने पेशंटची खुर्ची भिंतीकडे तोंड करून असते, ती याचसाठी. त्या दिवशी झाडणाऱ्या बाईंनी ती फिरवून ठेवली होती आणि मी घाईत तशीच राहू दिली. मी खुर्ची वळवून पुन्हा चाचणी घेतली. बिचारा सपशेल नापास झाला. घरी येऊन मी आरशासमोर उभी राहिले आणि टेबलावरचं बटण दाबल्याचं नाटक करून पाहिलं. जातात खरंच वर. इतकी वर्षं मला कुणी सांगितलं नाही.

दोन गोष्टी विचारायच्या आहेत. सहजच. तिकडे तुमची पत्रं कुणी अधिकारी उघडून वाचतात का? आणि तुझ्या अर्जासाठी मी तुझी चाचणी घेतली तेव्हा खुर्ची कुणी फिरवली होती, तू की मी? मला नीट आठवत नाही. आठवलं तर कळव.

चिमणीचा एक दात पडला. तिने तो तुझ्यासाठी ठेवलाय. मी म्हटलं पत्रातून दात पाठवत नाहीत.

तुझी

*

२ फेब्रुवारी

पत्र मिळालं. 'पत्रं कुणी उघडत नाही. खुर्ची मी फिरवली.' एवढंच. खाली सहीसुद्धा नाही.

मला आठवत नव्हतं असं मी लिहिलं होतं तेही खोटं होतं. मला सगळं आठवत होतं. तू केबिनमध्ये गेलास, खुर्ची माझ्याकडे वळवलीस आणि म्हणालास, 'भिंत काय बघायची, बायकोचं तोंड बघत बसतो.' आणि मी लाजले. या वयात, ऑफिसात, गळ्यात ओळखपत्र अडकवून लाजले. दुसऱ्या कुणाच्या हातून चाचणी करून घेणार नाही असा तू हट्ट धरला होतास तेव्हा मला बरं वाटलं होतं. वर्षभराच्या भांडणानंतर तुला माझ्याकडून काहीतरी हवं होतं. तुला नेमकं काय हवं होतं ते आता कळलं. क्रेनवाल्याला माझा चेहरा वाचायला पाच मिनिटं लागली, तू तर नऊ वर्षं वाचतोयस.

डावा ना? तो गोळीबाराच्या सरावातला किस्सा तू पाहुण्यांना हसून हसून सांगायचास. शेजारच्याची बंदूक तुझ्या कानाशी सुटली आणि आठवडाभर डोक्यात शिट्टी वाजत होती. किस्सा तिथे संपायचा. कान बरा झाला असं तू कधीच म्हणाला नाहीस, ते आम्हीच धरून चाललो. मी कितीदा म्हटलं, ये एकदा, फुकट तपासते. तू म्हणायचास, घरच्या वैद्याचं औषध लागत नाही.

आता एकेक आठवतंय. तू नेहमी उजव्या कुशीवर झोपतोस. चांगला कान उशीत आणि मेलेला वर. मी रात्री तुझ्याशी बोलायचे, हळू आवाजात, चिमणी उठू नये म्हणून. तू उत्तर द्यायचा नाहीस. सकाळी म्हणायचास, 'तू पुटपुटतेस फार.' मला वाटायचं तुला माझा कंटाळा आलाय. दोन वर्षं मला तसं वाटत होतं. एकदा मी विचारलं होतं की आपण वेगळं राहून बघायचं का. तेही तू ऐकलं नसशील. बरंच झालं.

आणि चिमणी. तुझ्याकडे काही मागायचं असलं की ती आधी तुला वळसा घालून उजवीकडे जाते. मी आज तिला विचारलं, असं का करतेस गं? म्हणाली, 'त्या बाजूला बाबा लागत नाहीत.' फोन लागत नाही म्हणतात तसं. सहा वर्षांच्या पोरीला जे कळलं ते मला कळलं नाही, आणि माझ्या सहीने तू ठणठणीत आहेस असा कागद तिकडे गेला. आमच्या केंद्राचा शिक्का चालतो म्हणून तिथे कुणी पुन्हा तपासलंही नाही.

हे बघ, मी भांडायला लिहीत नाहीये. मी घाबरलेय. जाण्याआधी तूच सांगितलं होतंस की मार्चपासून अंधारातला सराव सुरू होणार, खऱ्या गोळ्यांचा, आणि तिथे डोळ्यांचा काही उपयोग नसतो, सगळं आवाजावर चालतं. कुणीतरी 'थांब' म्हणणार, कुणीतरी 'खाली' म्हणणार. डावीकडून म्हणाला तर?

मी केबिनमध्ये डाव्या कानात बोळा घालून बसून पाहिलं. सहकारी मुलीला बाहेर बोलायला लावलं. आवाज येतो, पण कुठून येतो ते कळत नाही. मला तिथे बसवेना आणि मी बाहेर आले. तुझं रोज असंच असतं ना?

तू स्वतः जाऊन सांग. सांग की चाचणीच्या वेळी सर्दी होती, शंका आहे, पुन्हा तपासा. तुझी लाज राहील असं काहीतरी सांग. माझं नाव घातलंस तरी चालेल.

*

१३ फेब्रुवारी

शिपाईराव,

तुझं आजवरचं सगळ्यात लांब पत्र. दीड पान. प्रेमपत्रंसुद्धा तू एवढी लांब लिहिली नव्हतीस.

तुझं म्हणणं मी तीनदा वाचलं. तू लिहितोस की लिफ्टच्या खड्ड्यात उतरून ग्रीस पुसताना तू रोज थोडा थोडा मरत होतास, आणि तिथे पाय रक्ताळलेले असतानाही सकाळी उठल्यावर तुला आपण कोण ते माहीत असतं. हे वाचून मला रडू आलं. खोटं नाही. घरात आमच्याबरोबर असताना तुला ते माहीत नव्हतं, हे वाचायला कोणत्या बायकोला आवडेल? पण मला समजतं. तू शीळ घालत जिना चढलास तेव्हा मी ऐकलं होतं.

आणि मग तू लिहितोस की काळजी करू नकोस, लंबूला सगळं सांगितलंय. त्याने एका शब्दाने विचारलं नाही, फक्त जागा बदलली. आता तो कायम तुझ्या डाव्या बाजूला असतो. चालताना, जेवताना, पाण्यात उतरतानाही. काही ऐकू आलं की तो तुझ्या खांद्याला हात लावतो. एकदा हात म्हणजे थांब, दोनदा म्हणजे खाली. 'लंबू माझा डावा कान आहे,' असं लिहिलंयस आणि खाली रेघ मारलीयस. तुला त्याचा अभिमान वाटतो ते त्या रेघेवरून दिसतं.

मूर्खा.

तुझ्यासाठी म्हणून मी घाबरले होते. आता दोघांसाठी घाबरायचं. तुझ्या डावीकडे तो असणार हे कळलं, पण त्याच्या हाताला काही झालं तर? तो पडला तर? तो डावीकडे जमिनीवर पडून तुला हाका मारत असला तर? तू ऐकणार नाहीस. तू पुढे चालत राहशील, आणि तुला वाटेल तो शेजारीच आहे, कारण अंधार आहे आणि खांद्यावर हात नाही म्हणजे सगळं ठीक आहे. तुमची खूणच तशी आहे. हात लागला तर धोका. न लागणं म्हणजे काय, याचा तुम्ही दोघांनी विचार केलाय का? दोन शहाण्यांनी मिळून ही युक्ती काढली आणि एकालाही हे सुचलं नाही. तुम्हाला एकमेकांवर इतका विश्वास आहे की सुचणारच नाही.

हे डोळ्यांसमोर आलं तेव्हा मी ऑफिसात होते. एका आजोबांना हेडफोन दोनदा उलटे घातले तेव्हा ते म्हणाले, 'बाळ, तू बस जरा, मी थांबतो.'

अंधारातला सराव मार्चच्या सुरुवातीला आहे ना? त्याआधी तू सांगायचंस. तू नाही सांगितलंस तर काय करायचं हे मला अजून माहीत नाही. धमकी देत नाहीये. मला खरंच माहीत नाही.

चिमणीने तुझं चित्र काढलंय. तुझ्या शेजारी एक उंच माणूस आहे. डावीकडे. मी तिला काही सांगितलं नव्हतं, तू पत्राबरोबर पाठवलेला तुमचा दोघांचा फोटो तिने पाहिला होता. मी चित्र कपाटात ठेवलं, भिंतीवर लावलं नाही.

*

२५ फेब्रुवारी

तुझं उत्तर नाही. पत्र पोचलं नाही असं मी स्वतःला सांगत होते. मग आज फोन आला.

अनोळखी नंबर होता. तिकडचा असेल या भीतीने मला उचलवेना. वाजून बंद झाला, पुन्हा वाजला. उचलला तर एक बाई. 'मी लंबूची आई,' म्हणाल्या. अडीअडचणीला असावा म्हणून तू त्याला माझा नंबर दिला होतास, तो त्याने घरी कळवला. बाई शिवणकाम करतात, मागे मशीनचा आवाज येत होता. आधी त्यांनी माझी, चिमणीची चौकशी केली. मग म्हणाल्या, 'तुम्हाला एक सांगायचं होतं, म्हणून फोन केला. माझा मुलगा तिकडे गेल्यापासून माझा डोळ्याला डोळा लागत नव्हता. त्याचे वडीलही असेच वर्दीत गेले, मला तो अनुभव आहे. पण त्याने लिहिलं की जोडीदार म्हणून एक जुना, मुरलेला माणूस मिळालाय, आधी सैन्यात होता, सगळं जाणतो. तेव्हापासून मी झोपते हो. तुमच्या मालकांच्या जिवावर झोपते.'

त्यांना वाटलं फोन कट झाला. 'हॅलो, ऐकू येतंय ना?' असं दोनदा विचारलं. मी म्हटलं, हो, येतंय.

मग म्हणाल्या, 'तुम्हाला लागते ना झोप?' मी हो म्हटलं.

फोन ठेवल्यावर मी स्वयंपाकघरात जमिनीवर बसले. चिमणी येऊन म्हणाली, आई, तू पडलीस का? मी म्हटलं, नाही, बसलेय. तीही येऊन बसली.

त्या बाईंचा मुलगा तुझ्या डाव्या बाजूला आहे. हे पत्र तुला परवा मिळेल. सराव सुरू व्हायला त्यानंतर थोडेच दिवस उरतील. मी तुझ्या पाया पडते, जाऊन सांग.

*

१ मार्च

मी सांगितलं.

हे पत्र तुला मिळेल त्याच्या आधी तुला बोलावलं गेलं असेल, तरी माझ्याच अक्षरात तुला कळावं म्हणून लिहितेय.

काल संध्याकाळपर्यंत तुझ्याकडून काही आलं नाही. आज सकाळी मी मोठ्या डॉक्टरांच्या खोलीत गेले, दार लावून घेतलं आणि सांगितलं की मी घेतलेली एक चाचणी चुकीची आहे. त्यांनी विचारलं, कुणाची? मी म्हटलं, माझ्या नवऱ्याची. चष्मा काढून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. 'खुर्ची भिंतीकडे का नव्हती?' मी म्हटलं, नवरा होता म्हणून. ते रागावले असते तर बरं झालं असतं.

त्यांनी तुमच्या तळावरच्या डॉक्टरांना फोन लावला आणि मग तो माझ्या हातात दिला. मी एवढंच सांगितलं: चाचणी मी नियमाप्रमाणे घेतली नाही, तिच्यावर भरवसा ठेवू नका, अंधारातल्या सरावाआधी पुन्हा तपासा. तू मुद्दाम काही केलंस असं मी म्हणाले नाही. लंबूचा तर विषयच काढला नाही. त्याला माहीत होतं हे बाहेर आलं तर त्यालाही घरी पाठवतील, आणि त्याच्या आईला मी काय तोंड दाखवू? तूही त्याचं नाव घेऊ नकोस. एवढं तरी माझं ऐक.

पलीकडचा डॉक्टर तरुण वाटला. त्याने विचारलं, 'तुम्हाला कल्पना आहे ना, याचा त्यांच्यावर काय परिणाम होईल?' मी म्हटलं, तुमच्यापेक्षा जास्त आहे.

माझं म्हणशील तर चौकशी होईपर्यंत मला चाचण्या घ्यायला मनाई आहे. दुपारपासून पुढच्या खोलीत बसून पेशंटांना नंबर देते. क्रेनवाले काका आले होते, कानामागचं यंत्र घ्यायला. मला तिथे बघून चुकचुकले. 'माझ्यामुळे का हो?' म्हणाले. मी म्हटलं, नाही, माझ्याच भुवयांमुळे.

मला तुझी भीती वाटतेय. आजवर तुझ्यासाठी वाटायची, आज पहिल्यांदा तुझी वाटतेय. तू मारशील किंवा ओरडशील असं नाही, तू तसा नाहीस. तू घरी येशील, जेवशील, चिमणीशी खेळशील आणि माझ्याकडे कधीही बघणार नाहीस, अशी भीती. नऊ वर्षं माझा चेहरा वाचलास, आता वाचायचं बंद करशील.

तरी मी सांगितलं.

*

२८ मार्च

शिपाईराव,

ताईंच्या पत्त्यावर लिहितेय. तू बहिणीकडे उतरलास हे ताईंनीच फोन करून कळवलं. तू त्यांना सांगू नको म्हणाला होतास म्हणे. त्यांच्यावर रागावू नकोस, भावजयीला कळवणं त्यांना भागच होतं. तू दिवसभर गच्चीवर बसतोस, विचारलं तेवढंच बोलतोस, आणि परवा त्यांच्या इमारतीची लिफ्ट बंद पडली तेव्हा न सांगता खाली जाऊन दुरुस्त करून आलास, एवढं मला कळलंय.

तुझं पाकीट मिळालं. पत्र नव्हतं, तिथल्या डॉक्टरांनी काढलेला ग्राफ होता नुसता. मला तो वाचता येतो हे तुला माहीत आहे. उजवी रेघ सरळ चालली आहे. डावी अर्ध्यावर येऊन दरडीवरून कोसळल्यासारखी खाली गेली आहे. मी मांडीवर घेऊन बसले होते बराच वेळ. मला वाटलं होतं त्यापेक्षा वाईट आहे. एवढ्या कानावर तू पहिल्या शर्यतीपासून तिथवर पोचलास, डोंगर ओलांडलेस, आणि निम्म्यांना मागे टाकलंस. मी 'पास होणार नाहीस' म्हणाले होते. माझ्या तोंडाला काही कळत नाही.

दुसरी बातमी. काल लंबूच्या आईंचा फोन आला. या खेपेला मी पहिल्याच घंटेला उचलला, कारण न उचलल्याने भीती टळत नाही हे मला कळलंय. बाईंना तुझं काय झालं ते धड माहीत नाही. जोडीदाराला दुखण्यामुळे घरी जावं लागलं, एवढंच मुलाने लिहिलंय. हळहळत होत्या. म्हणाल्या, त्याला आता नवा जोडीदार दिलाय, पण पहिल्यासारखा नाही. मग म्हणाल्या, 'अंधारातला तो सराव पार पडला म्हणे. मी देव पाण्यात घालून बसले होते. काही झालं नाही. सगळे नीट परत आले. एकालाही ओरखडा नाही.'

काही झालं नाही.

फोन ठेवला आणि मला आधी सुटल्यासारखं वाटलं, आणि मग लगेच तू आठवलास. हीच बातमी तुलाही कळेल, लंबू लिहीलच. आणि तू गच्चीवर बसून म्हणशील की बघ, काही झालं नाही. मी असतो तरी काही झालं नसतं. तू उगाच घाबरलीस आणि तुझ्या घाबरण्यापायी माझं सगळं गेलं.

तू असतास तर काय झालं असतं हे मी कशाने सिद्ध करणार? त्या अंधारात कुणी डावीकडून ओरडलंच नसेल. तू आणि लंबू पहिल्या नंबराने परत आला असतात, असंही असेल. माझं बरोबर होतं हे दाखवायला कुणीतरी तिथे पडायला हवं होतं, आणि कुणी पडू नये म्हणूनच तर मी फोन केला. म्हणजे मी बरोबर होते की चूक, हे आपल्याला कधीच कळणार नाही. तुलाही नाही आणि मलाही नाही. हे घेऊनच आता दोघांनी एका घरात राहायचं, राहणार असलो तर.

मी अजून घाबरलेलीच आहे. जिन्यावर पाऊल वाजलं की दचकते, आणि पाऊल वरच्या मजल्यावर निघून गेलं की जास्त घाबरते. चिमणीला मी सांगितलंय की बाबांची परीक्षा संपली. तिने पास की नापास विचारलं नाही, कधी येणार तेवढं विचारलं. मला तिला तारीख सांगायची आहे.

तू ये. भांडायला ये. रोज सकाळी उठून मला म्हण की काही झालं नसतं. जेवताना म्हण, पाहुण्यांसमोर म्हण, म्हातारपणी काठी टेकत टेकत म्हण. मी एकदाही उलटून बोलणार नाही. ते वाक्य जन्मभर ऐकायची माझी तयारी आहे, म्हणणारा तेवढा घरात हवा.

तुझी